जलरंगांत जपलेला संसार

१९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेत लक्षावधी माणसे बेकार झाली. त्यांत चित्रकारही होते. सरकारने त्यांना नुसती मदत न देता काम दिले. १९३५ ते १९४२ या काळात शेकडो चित्रकारांनी देशातील जुन्या वस्तूंची हुबेहूब जलरंगचित्रे काढली : मातीची भांडी, गोधड्या, लाकडी खेळणी, दिवे, रंगवलेल्या पेट्या. ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ या नावाने जमलेली ही सुमारे १८,००० चित्रे आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत.

छायाचित्रे का नाहीत, असे वाचक विचारतील. त्या काळी रंगीत छायाचित्र महाग पडे आणि त्याच्या रंगांचा भरवसा नसे. शिवाय एकाच वस्तूसमोर दिवसच्या दिवस बसणाऱ्याला झिजलेली कड, उडालेला रंग, गोधडीचा टाकान् टाका पाहावाच लागतो. वस्तू कशाची, केवढी, कोठली, याचे टिपणही सोबत ठेवलेले असे.

या चित्रांत पेनसिल्व्हेनियातील जर्मन घराण्यांच्या पेट्या आहेत. समुद्र ओलांडून आलेल्या या लोकांनी मुलामुलींसाठी पेट्या करवून त्यांवर ट्यूलिपची फुले आणि पक्षी रंगवून घेतले. काहींवर नाव आणि सालही घातले. परमुलखात आपलेपण कसे टिकते, हे आम्हा गिरमिटियांच्या वंशजांना वेगळे सांगायला नको.

मात्र या संग्रहात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या वस्तू घेतल्या नाहीत. तो विषय मानववंशशास्त्राचा ठरवला गेला. यादी करणारा ज्यांना बाजूला ठेवतो, त्यांचा संसार यादीबाहेरच राहतो.

पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, भांडी जमवून राजा केळकर संग्रहालय उभे केले आणि १९७५ साली ते महाराष्ट्र शासनाला दिले. आपल्या बेटावरच्या वस्तूंची यादी कोण करणार? पाटा-वरवंटा, आपली रोश कारी, अंगणाच्या कोपऱ्यात पडली आहे. समई, पितळी परात, झाकरीची ढोलकी नवे घर बांधताना भंगारात जाते.

आम्हा शिक्षकांची सूचना साधी आहे. येत्या सुट्टीत घरातल्या मुलाने एक जुनी वस्तू समोर ठेवून तिचे चित्र रंगवावे. मागे लिहावे : वस्तूचे नाव, ती कोणाची, कोठून आली, कशाला वापरत. नाव आजीलाच विचारावे. ते सांगणारी आजी घरात आहे, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.