सप्ताहाचा पहारा आणि जुनी जाळी

पेडण्यात आमच्या वाड्यावर श्रावणात सप्ताह बसतो. नाव सप्ताह, पण आता तो एका दिवसरात्रीचाच होतो. तेवढ्या वेळात भजन थांबता कामा नये. पहारे घराघरांत वाटलेले असतात आणि पुढची माणसे येऊन टाळ हातात घेईपर्यंत आधीची उठत नाहीत. लहानपणी मी पहाटे तीनच्या पहाऱ्याला आजोबांबरोबर बसायचो. तेव्हा देवळात कधी चारच जण उरलेले असत. चौघांनी धरले तरी भजन चालू राहायचे.

आता मी डिचोलीत राहतो. घरात राउटरशेजारच्या फळीवर तळहाताएवढा एक संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्यात माझ्या वडिलांनी कॅसेटवर भरून ठेवलेल्या चवथीच्या घुमट आरत्या आहेत. त्या काळी घुमट या मातीच्या वाद्याला घोरपडीचे कातडे चढवत. वन्यजीव कायद्याने ते बंद झाले आणि योग्यच झाले. आता बकऱ्याचे कातडे लावतात. पण त्या जुन्या कातड्याचा खोल, ओलसर नाद आमच्या घरी त्या फितींवरच उरला आहे.

काही वर्षांपूर्वी या आरत्या मी इंटरनेटवरच्या एका फुकट सेवेवर चढवल्या आणि निश्चिंत झालो. पुढे ती सेवा बंद झाली. सूचना आली होती म्हणे, पण मी न उघडणाऱ्या जुन्या पत्त्यावर. पुन्हा कॅसेटी काढल्या तर एकीला बुरशी लागलेली. दोन आरत्या कायमच्या गेल्या. त्या म्हणणारे काकाही आता नाहीत.

त्या दिवशी मला माझ्या सायबर कॅफेचे दिवस आठवले. 2002 च्या सुमारास डिचोलीत मी चार संगणक मांडून बसलो होतो. मुले यायची आणि एखादे गाणे उतरवायला लावून घरी जायची. ईम्यूल नावाच्या प्रोग्रॅममध्ये पडद्यावर रांगेतला क्रमांक दिसायचा. रात्री हजाराच्या पुढे असलेला क्रमांक सकाळी दोनशेवर आलेला असायचा. गाणे कुठल्या कंपनीकडून नव्हे, तर स्पेन-इटलीतल्या कुणाच्या तरी घरच्या संगणकातून यायचे, हे समजावले की मुले थक्क होत.

त्याआधी 1999 मध्ये नॅपस्टर आले होते. त्यात गाणी लोकांच्या घरी असत, पण कुणाकडे काय आहे याची यादी कंपनीच्या यंत्रावर. न्यायालयाने दणका दिला, 2001 च्या जुलैत यादीचे यंत्र बंद झाले आणि सगळेच थांबले. ईम्यूल ज्या ईडॉंकी जाळ्यावर चालायचा, ते चालवणाऱ्या कंपनीने 2006 मध्ये तीन कोटी डॉलर भरायचे कबूल करून दुकान बंद केले. पण 13 मे 2002 पासून घडत आलेला ईम्यूल सर्वांसाठी खुला होता आणि त्याने यादीसुद्धा वापरणाऱ्यांतच वाटून टाकली होती. त्यामुळे कंपनी बुडूनही जाळे बुडाले नाही. ते आजही चालते. माणसे कमी झाली आहेत, रांगा संथ आहेत, पण चालते.

अशाच वाटपाचा दुसरा प्रोग्रॅम, बिटटोरेंट, 2001 मध्ये ब्रॅम कोहेन या अमेरिकी तरुणाने लिहिला. भजनाच्या वहीचेच बघा. एक वही दहा जणांना हवी असेल तर पूर्वी एकेकाला आळीपाळीने ती नेऊन उतरवावी लागे. तिची पाने सुटी करून दहांत वाटली तर? प्रत्येकाने आपले पान उतरवायचे आणि लगेच शेजाऱ्याशी बदलायचे. मूळ वहीवाला मध्येच उठून गेला तरी सगळी पाने मंडळींत फिरत असतात. प्रत्येक तुकड्याची आकड्यांत मांडलेली एक खूण आधीच ठरलेली असते, म्हणून कुणी चुकीचे पान सरकवले तर ते ताबडतोब कळते. पूर्ण वही जवळ ठेवून बसलेल्याला सीड म्हणतात, म्हणजे बियाणे. एक सीड जागा असला तरी पुरे. न्यूझीलंडच्या हौशी मंडळींनी मॅट्रिक्स चित्रपटाच्या प्रेमाने केलेला एक छोटा चित्रपट सप्टेंबर 2003 मध्ये असा वाटायला ठेवला होता. वीस वर्षांनी, 2023 मध्येही तो मिळत होता, कारण कुणी ना कुणी पहाऱ्यावर होते.

चोरीचे सिनेमे याच वाटेने फिरतात, म्हणून या वाटेचे नाव खराब झाले. नवा सिनेमा परवानगीशिवाय वाटणे गुन्हाच आहे. पण डेबियनसारखी मोफत संगणकप्रणाली याच पद्धतीने उघडपणे वाटली जाते आणि इंटरनेट आर्काइव्हसारखे मोठे ग्रंथालयही 2012 पासून ती वापरते.

चर्चेचे जाळे तर याहून जुने. 1979 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी यूझनेटची कल्पना काढली. एका यंत्रावर लिहिलेला मजकूर शेजारच्या यंत्राकडे जातो, ते आपल्याकडे नसलेलेच ठेवून घेते आणि पुढे देते. मध्यभागी मालक कुणीच नाही. त्यात मराठी माणसांचाही एक गट होता. परदेशातले लोक रोमन लिपीत मराठी लिहून तिथे भांडत, आठवणी काढत. 2010 मध्ये ड्यूकने आपले यंत्र बंद केले, 22 फेब्रुवारी 2024 रोजी यूझनेटला जोडलेल्या गूगलनेही अंग काढून घेतले. पण गूगलच्या वाटेने येणारा जाहिरातींचा कचरा तेव्हा थांबला आणि उरलेल्या गटांत पुन्हा वाचता येऊ लागले. आज हौशी लोक स्वतःच्या खर्चाने ही यंत्रे चालवतात. मला हे लोक देवळात पहाटे समई तेवत ठेवणाऱ्यांसारखेच वाटतात.

मीही आरत्या बिटटोरेंटने वाटायला ठेवल्या, पण आमच्याकडे अडचण वेगळीच निघाली. इंटरनेट कंपन्या आता पुष्कळ घरांना मिळून एकच पत्ता देतात. वाड्यातल्या वीस घरांना एकच घरक्रमांक असला तर पोस्टमन काय करील? मी बाहेर जाऊ शकत होतो, पण बाहेरचा कुणी आपणहून माझ्या यंत्रापर्यंत पोचत नव्हता. नव्या लांब पत्त्यांची सोय, आयपीव्ही 6, राउटरमध्ये सुरू केली तेव्हा मार्ग मोकळा झाला. जुलैत वीज गेली की माझे यंत्र झोपते. म्हणून आरत्यांची पूर्ण प्रत पेडण्याच्या घरी आणि मस्कतला भाच्याकडेही ठेवली आहे. गेल्या पावसात डिचोलीत दीड दिवस वीज नव्हती. ती परत आल्यावर पडद्यावर पाहिले तर त्याच काळात भाच्याच्या यंत्राने एका अनोळखी माणसाला सगळ्या आरत्या पुरवल्या होत्या. मी बराच वेळ पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे बघत बसलो.

पेडणे, डिचोली, सत्तरीत ज्यांच्या कपाटात घुमट आरतीच्या, भजनाच्या, दशावताराच्या कॅसेटी पडून आहेत, त्यांना हात जोडून विनंती आहे. यंदाच्या पावसाची ओल लागण्याआधी त्या उतरवून घ्या. ज्यांचा आवाज आहे त्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची परवानगी घ्या. मग तीन वेगवेगळ्या घरांत प्रती ठेवा आणि त्यातले एक यंत्र तरी रात्री बंद करू नका.