नीझे दा सिल्वेरा : विजेच्या झटक्याऐवजी कुंचला

ब्राझीलच्या मनोविकारतज्ज्ञ नीझे दा सिल्वेरा (१९०५–१९९९) यांनी मनोरुग्णांच्या हाती रंग आणि कुंचले दिले आणि त्यातून उतरलेल्या चित्रांकडे वैद्यकीय पुरावा म्हणून पाहायला डॉक्टरांना शिकवले. स्किझोफ्रेनियाच्या जुनाट रुग्णाच्या भावना आटून जातात, त्याची बुद्धी हळूहळू संपते, असे त्या काळी बहुतेक मनोविकारतज्ज्ञ धरून चालत. या समजाला धक्का देणारी हजारो चित्रे नीझे यांनी एका सरकारी रुग्णालयातच गोळा केली.

ईशान्य ब्राझीलमधल्या अलागोआस राज्याची राजधानी मासेयो येथे १५ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील गणिताचे शिक्षक आणि पत्रकार होते, आई पियानोवादक. १९२६मध्ये बाहियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा १५७ पुरुषांच्या वर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. पदवीसाठी त्यांनी स्त्रियांच्या गुन्हेगारीवर प्रबंध लिहिला. वर्गमित्र मारिओ मागाल्यायस दा सिल्वेरा यांच्याशी त्यांनी संसार मांडला. ते पुढे सार्वजनिक आरोग्याचे जाणकार म्हणून ओळखले गेले. वडिलांच्या मृत्यूनंतर नीझे रिओ द जानेरोला आल्या आणि १९३३मध्ये स्पर्धा परीक्षा देऊन सरकारी मनोरुग्णालयात रुजू झाल्या.

ही नोकरी फार काळ टिकली नाही. १९३५च्या कम्युनिस्ट उठावानंतर जेतुलिओ वार्गास यांच्या सरकारने धरपकड सुरू केली. नीझे यांच्याकडे मार्क्सवादी पुस्तके असल्याची चुगली रुग्णालयातल्या एका परिचारिकेने केली आणि १९३६मध्ये त्यांना अटक झाली. सुमारे दीड वर्ष त्या तुरुंगात होत्या. त्याच तुरुंगात असलेले कादंबरीकार ग्रासिलियानो रामोस यांनी आपल्या कारावासाच्या आठवणींत त्यांच्याविषयी लिहिले आहे. सुटका झाली तरी सरकारी सेवेचे दार १९४४पर्यंत बंदच राहिले. या काळात त्यांनी स्पिनोझाचे तत्त्वज्ञान बारकाईने वाचले. कोंडलेल्या माणसाच्या दिवसाला काम आणि सोबत यांचा किती आधार असतो, हे त्यांनी तुरुंगात जवळून पाहिले होते. पुढच्या कामात तो अनुभव सतत जाणवतो.

१९४४मध्ये त्या रिओच्या एन्जेन्यो दि देन्त्रो या उपनगरातल्या मनोरुग्णालयात रुजू झाल्या, तेव्हा उपचारपद्धती पार पालटली होती. इन्शुलिन देऊन रुग्णाला बेशुद्ध करणे, विजेचे झटके देणे, मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू कापण्याची लोबोटॉमी ही शस्त्रक्रिया करणे, या गोष्टी नव्या विज्ञानाच्या खुणा मानल्या जात होत्या. आज विजेचा उपचार भूल देऊन, मोजक्या आजारांत करतात. त्या वेळी तो बहुधा भूल न देता दिला जाई. एका सहकाऱ्याने नीझे यांना यंत्र दाखवले. त्याने बटण दाबताच रुग्णाला झटके येऊ लागले. त्या रुग्णाला बाहेर नेऊन दुसऱ्याला आणले गेले आणि आता बटण तुम्ही दाबा, असे नीझे यांना सांगण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला.

नकारानंतर त्यांच्या वाट्याला व्यवसायोपचार विभाग आला. डॉक्टरांच्या लेखी या विभागाला किंमत नव्हती. उपचाराच्या नावाखाली रुग्णांकडून झाडलोट, धुलाई अशी रुग्णालयाची कामे करून घेतली जात. १९४६पासून नीझे यांनी त्याचे रूप बदलले. शिवण, पुस्तकबांधणी, संगीत, मातीकाम अशा उपक्रमांच्या शाखा वाढत वाढत १७ झाल्या. रुग्णालयातच नोकरीला असलेला तरुण चित्रकार आल्मिर माविन्येर याच्या मदतीने चित्रशाळा उघडली. तिथले नियम साधे होते. कोणी चित्रकला शिकवायची नाही, समोर नमुना ठेवायचा नाही, चित्राला चांगले-वाईट म्हणायचे नाही. कागद, रंग आणि शांतपणे जवळ बसणारे माणूस, एवढेच पुरवायचे. प्रत्येक चित्रावर तारीख घालून ते जपून ठेवले जाई. त्यामुळे एकाच रुग्णाची वर्षानुवर्षांची चित्रे ओळीने लावून पाहता येऊ लागली.

अशा ओळींमधून काय दिसे, याचे एक उदाहरण म्हणजे फर्नांदो दिनिझ. बाहियात जन्मलेला हा गरीब कृष्णवर्णीय मुलगा शिवणकाम करणाऱ्या आईबरोबर श्रीमंतांच्या घरी जाई. त्याला इंजिनिअर व्हायचे होते. चित्रशाळेत आल्यावर त्याने त्या घरांच्या खोल्या रंगवायला घेतल्या. सुरुवातीला फर्निचर, फळे, पियानो, खिडक्या एकमेकांत मिसळून गेलेल्या असत. पुढे वस्तू सुट्या होऊ लागल्या, जमीन आणि भिंत वेगळी दिसू लागली आणि अखेर अख्खी खोली जागच्या जागी उभी राहिली. विस्कटलेले मन स्वतःच घडी बसवू पाहत असते, असा अर्थ नीझे यांनी यातून काढला. आदेलिना गोमेस या दुसऱ्या रुग्णेच्या चित्रांत बाई फुलात रूपांतरित होताना पुन्हा पुन्हा येई. ग्रीक पुराणातल्या, झाड झालेल्या डाफ्नीच्या कथेशी नीझे यांनी त्याचा संबंध जोडला.

लुसिओ नोएमान याची कहाणी वेगळी आहे. तो मातीतून घट्ट बांध्याचे योद्धे घडवत असे. नीझे यांचा विरोध असतानाही त्याच्यावर लोबोटॉमी झाली. नंतर त्याच हातांनी केलेली शिल्पे ओबडधोबड, आकार हरवलेली होती. शस्त्रक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे काम नीझे यांनी शेजारी शेजारी मांडून दाखवले. लोबोटॉमीविरुद्धचा त्यांचा हा सर्वांत बोलका युक्तिवाद होता.

कलासमीक्षक मारिओ पेद्रोझा यांनी या चित्रांचे कलामूल्य ओळखले. १९४९मध्ये साओ पावलोच्या आधुनिक कला संग्रहालयात एन्जेन्यो दि देन्त्रोच्या नऊ कलावंतांचे प्रदर्शन भरले. नीझे यांना मात्र चित्रांचा अभ्यास महत्त्वाचा वाटे आणि त्यासाठी ती एकत्र राहणे गरजेचे होते. म्हणून २० मे १९५२ रोजी रुग्णालयाच्या आवारातच ‘अबोध मनाच्या प्रतिमांचे संग्रहालय’ सुरू झाले. आज तिथे साडेतीन लाखांहून अधिक कलाकृती आहेत.

अनेक चित्रांत वर्तुळाकार, मंडलासारख्या आकृत्या येत. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या मते मंडल हे मनाच्या एकसंधतेचे चिन्ह. मग दुभंगलेल्या मनाचे रुग्ण ते का काढतात? १९५४मध्ये नीझे यांनी चित्रांची छायाचित्रे युंग यांना पाठवून हाच प्रश्न विचारला. ही मंडलेच आहेत आणि तोल सावरण्याची मनाची धडपड त्यांतून दिसते, असे उत्तर आले. १९५७मध्ये झुरिकच्या आंतरराष्ट्रीय मानसोपचार परिषदेत संग्रहालयातील चित्रे मांडली गेली. त्या प्रदर्शनाचे उद्घाटन युंग यांनीच केले. रुग्णांच्या प्रतिमा समजून घ्यायच्या तर पुराणकथा अभ्यासा, असे त्यांनी नीझे यांना सुचवले.

नीझे यांच्या उपचारात स्नेहाला मध्यवर्ती स्थान होते. रुग्णाच्या मनातली प्रक्रिया पुढे सरकायला कोणाच्या तरी निर्व्याज मायेचा आधार लागतो, असे त्या मानत. रुग्णालयाच्या आवारात सापडलेले एक भटके कुत्रे त्यांनी एका रुग्णाच्या हवाली केले आणि त्याच्यात झालेला बदल पाहून कुत्र्या-मांजरांना सहउपचारकाचा दर्जा दिला. काही सहकाऱ्यांना हे रुचले नाही; पुढे आवारातल्या काही कुत्र्यांवर विषप्रयोगही झाला.

बरे होऊन घरी गेलेले रुग्ण वारंवार परत येतात, हे पाहून १९५६मध्ये त्यांनी ‘कासा दास पाल्मेइरास’ हे केंद्र काढले. तिथली दारे उघडी असत. रुग्ण दिवसभर काम करून संध्याकाळी घरी परतत. शिक्षक म्हणूनही त्यांचे काम मोठे होते. युंग अभ्यासमंडळाच्या बैठकांमधून मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि कलावंत घडले. युंग यांची ओळख करून देणारे त्यांचे पुस्तक १९६८मध्ये आले, तर संग्रहालयातल्या अभ्यासाचे सार १९८१च्या ‘अबोधाच्या प्रतिमा’ या ग्रंथात आहे. १९७५मध्ये वयाच्या सत्तरीमुळे सक्तीची निवृत्ती येताच त्या आपल्याच संग्रहालयात उमेदवार म्हणून विनावेतन दाखल झाल्या.

३० ऑक्टोबर १९९९ रोजी रिओत त्यांचे निधन झाले. मनोरुग्णांना दीर्घकाळ कोंडून ठेवण्याऐवजी समाजातच उपचार देण्याची दिशा ब्राझीलने २००१च्या कायद्याने स्वीकारली. त्यामागे अनेकांची चळवळ होती. तिला आधी वाट करून देणाऱ्यांत नीझे अग्रभागी होत्या. त्यांनी जिथे बटण दाबायला नकार दिला, ते रुग्णालय पुढे त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि त्यांचा व्यक्तिगत दस्तऐवजसंग्रह २०१७मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समाविष्ट झाला आहे.