नाव कोरलेला साचा

लोखंडाच्या दोन गोल पात्या, कडेला बिजागरी आणि हातभर लांबीचे दोन दांडे. दुरून पाहिले तर लोहाराची सांडशीच वाटावी. इटलीच्या आब्रुत्सो प्रांतात हे स्वयंपाकघरातले अवजार आहे. पात्यांच्या आतल्या बाजूला नक्षी कोरलेली असते. एकीकडे बहुधा जाळी, दुसरीकडे फूल. मधोमध चमचाभर पीठ घालायचे, दांडे दाबायचे, विस्तवावर धरायचे आणि उलटायचे. मिनिटाभरात पातळ, नक्षी उमटलेले, बडीशेपेच्या वासाचे बिस्कीट तयार होते. त्याचे नाव पिझ्झेल्ले. काही भागांत त्याला लोखंडावरून ‘फेर्रातेल्ले’ही म्हणतात. पिझ्झा आपल्याकडे शहरोशहरी पोचला. त्याचे हे गोड भावंड मात्र मागेच राहिले.

आमच्या जऊळक्यात ते पोचले, ते गेल्या डिसेंबरात. जऊळका (रेल्वे) हे अकोला-पूर्णा लोहमार्गावरचे गाव. पूर्वी इथून मीटरगेजची गाडी जायची, २००८ साली मोठी लाइन झाली. माझी पुतणी अमेरिकेत पिट्सबर्गजवळ राहते. या खेपेला ती आईला भेटायला आली, तेव्हा तिच्या बॅगेत हा साचा होता. तिकडे विजेवर चालणारे साचे सर्रास मिळतात. पण तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. शिवाय आपल्या विजेचा भरवसा काय, हे तिला ठाऊक. म्हणून तिने मुद्दाम शेगडीवर धरायचा साधा साचा आणला.

इटलीचे बिस्कीट पिट्सबर्गला कसे गेले, याचा धागा गरिबीत आहे. आब्रुत्सो हा डोंगराळ, मेंढपाळांचा मुलूख. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथली हजारो माणसे पोटासाठी अमेरिकेला गेली. पुष्कळजण पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींत आणि पोलादाच्या कारखान्यांत लागले. सामानात बायकांनी हे साचे नेले. आज त्या भागात लग्न असले की घरच्या आणि शेजारच्या बायका आपापल्या घरून बिस्किटे करून आणतात आणि त्यांचे एक वेगळे टेबलच मांडले जाते. त्यात पिझ्झेल्ले हवेतच. आपल्याकडे लग्नघरी शेवया-पापडांना गल्लीतल्या बायका जमतात, त्यातलाच हा प्रकार. पुतणीने ही कला शिकली ती शेजारच्या एका इटालियन आजीकडून.

कृती सोपी आहे. तीन अंडी आणि दीडशे ग्रॅम साखर चांगली फेटून घ्यावी. त्यात शंभर ग्रॅम लोणी पातळ करून, थंड झाल्यावर घालावे. चहाचा एक चमचा जाडसर कुटलेली बडीशेप आणि लिंबाची किसलेली साल घालावी. मग सव्वादोनशे ग्रॅम मैदा आणि दोन लहान चमचे बेकिंग पावडर चाळून मिसळावी. पीठ भज्यांच्या पिठाहून घट्ट आणि कणकेहून सैल असावे. जुन्या बायकांचे माप याहून सुटसुटीत होते: एका अंड्याला एक चमचा साखर, एक चमचा तेल आणि बसेल तेवढा मैदा. बेकिंग पावडर त्यांना माहीतही नव्हती.

साचा दोन्ही बाजूंनी चांगला तापला पाहिजे. थेंबभर पाणी टाकताच ते चर्र करून उडाले की समजावे. पहिल्या वेळी तुपाचा हात फिरवावा. पहिली एक-दोन बिस्किटे चिकटतात, ती मुलांची. उतरवल्या उतरवल्या बिस्कीट मऊ असते, कारण त्यातली साखर अजून वितळलेली असते. त्या पाच-दहा सेकंदांत लाटण्याभोवती गुंडाळले तर नळी होते, वाटीवर पालथे घातले तर द्रोण होतो. साखर थिजली की त्याचा आकार कायम. निवण्याआधी एकावर एक रचू नयेत. वाफ धरते आणि सगळी मऊ पडतात. डबा घट्ट झाकणाचा हवा. पावसाळ्यात सादळली तर तव्यावर मंद आंचेवर शेकून घ्यावीत.

साचा नाही म्हणून वाचकांनी अडून राहू नये. सँडविच करण्यासाठी गॅसवर धरायचा लांब दांड्याचा टोस्टर एकेकाळी आपल्याकडे घरोघर होता. तोही याच जातीचा. अजून तो फळीवर कुठेतरी पडलेला असेल. त्याच्या पात्या खोलगट असल्याने बिस्कीट जरा जाड होते, पण होते. अंडे न चालणाऱ्या घरांसाठी आमच्या वहिनींनी दूध, तूप आणि मैद्यात थोडी तांदळाची पिठी घालून पाहिले. बिस्किटे कुरकुरीत झाली, मात्र ठिसूळ. साच्यातून काढताना हात हलका ठेवावा लागला.

तसे पाहिले तर साच्याचे आपल्याला नवल नाही. चकलीचा सोऱ्या आहे, पाडव्याच्या गाठींचे लाकडी साचे आहेत. गोव्याकडे नाताळात रोझ कुकीज करतात, त्यासाठी फुलाच्या आकाराचा लोखंडी साचा तेलात तापवून पिठात बुडवतात. पण आब्रुत्सोच्या साच्याची एक गोष्ट वेगळी होती. जुन्या काळी तो मुलीला लग्नात हुंड्याबरोबर देत, आणि लोहाराकडून पातीवर घराण्याची आद्याक्षरे किंवा कुलचिन्ह कोरून घेत. बँकेच्या शिक्क्यासारखी ही अक्षरे उलटी कोरावी लागतात, तेव्हा ती बिस्किटावर सुलटी उमटतात. वेळ मोजायला घड्याळ नव्हते. एक बाजू होईपर्यंत एक प्रार्थना म्हणायची, उलटून दुसरी बाजू होईपर्यंत दुसरी. वहिनींना हे लगेच पटले. त्यांनी गजानन महाराजांचे नाव एकवीस वेळा घेतले आणि बाजू उलटली. बिस्कीट बदामी निघाले.

कोरलेल्या नावाची गोष्ट निघाली, तेव्हा वहिनी उठल्या आणि आतून एक पितळी डबा घेऊन आल्या. “आपल्यातही व्हतं न हे,” म्हणाल्या. डब्याच्या बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी नाव टाकलेले होते. पण ते नाव आमच्या घरात कोणी घेतलेले मी ऐकले नव्हते. ते त्यांचे माहेरचे नाव होते.

आमच्या घरी लग्नात सुनेचे नाव बदलण्याची चाल होती. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवे नाव लिहायचे. तांदळातले नाव घटकाभराने पुसले जाई, पण जन्मभर तेच चाले. माहेरचे नाव राहिले ते फक्त या डब्यावर. वहिनींना त्या नावाने हाक मारणारे आता कोणी उरलेले नाही. पुतणीने ते नाव दोनदा वाचले. आईचे हे नाव तिला ठाऊक होते. लिहिलेले मात्र ती पहिल्यांदाच पाहत होती.

बँकेत माझी तीस-बत्तीस वर्षे गेली, त्यातली पुष्कळशी ग्रामीण शाखांत. पीककर्जाच्या अर्जाला सातबारा जोडलेला असे. त्या उताऱ्यांवर बाईचे नाव मला दिसे ते बहुतेक वेळा नवरा गेल्यानंतर, वारस म्हणून. पेरणीच्या तोंडावर तारण म्हणून टेबलावर येई ते तिचेच सोने, पण शेत तिच्या नावावर नसे. १९९० च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि पुरुषांना आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करून द्यायला सांगितले. १९९४ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीचा हक्क दिला. २००५ साली केंद्राने तो देशभर लागू केला. कायदा आला, पण रीत कायम आहे. वडील गेले की बहिणींना बोलावतात, जेवू घालतात, साडी देतात आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात. वहिनींनीही केली होती.

म्हणून त्या पितळी डब्याकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. मोडीत घातला तर त्याचे किती येतील, हा हिशेब मला करता येतो. पण एका बाईचे नाव असलेला तो कागद आहे, सातबाऱ्यावर नसलेला. आब्रुत्सोच्या डोंगरातल्या बायकांच्या नावाने तरी किती शेते असतील? आडनावाची दोन अक्षरे कोरलेले ते लोखंड त्यांनी सातासमुद्रापार नेले, ते काही बिस्किटासाठीच नेले असे मला वाटत नाही. भांडी वाटून घेताना आपण जी भांडी जुनी आणि जड म्हणून मोडीत देतो, त्यांचे बूड एकदा पालथे करून वाचावे, एवढेच वाचकांना सांगणे आहे.

जाण्याच्या आदल्या दिवशी पुतणीने आईला विचारले, “हा डबा मी नेऊ का?” वहिनी म्हणाल्या, “ने ना. पण तो साचा मले ठेवून जाय.” वाशीमच्या बाजारात भांड्यांवर मशीनने नाव टाकून देणारा आहे, त्याच्याकडे आम्ही साचा नेला. पातीवर टाकून भागणार नव्हते. मशीनची रेघ उथळ असते, ती पिठात उमटत नाही. मग दांड्यावर टाकायचे ठरले. त्याने नाव विचारले. पुतणीने माझ्याकडे पाहिले, मी वहिनींकडे. वहिनींनी माहेरचे नाव सांगितले, एक-एक अक्षर सुटे करून, त्याच्याकडून चूक होऊ नये म्हणून.

संक्रांतीला त्या साच्यातली बिस्किटे तिळगुळाबरोबर गल्लीत वाटली गेली. बडीशेपेच्या जागी वहिनींनी भाजलेले तीळ घातले होते. डबा पिट्सबर्गला आहे. पुतणी त्यात नाताळची पिझ्झेल्ले भरून ठेवते.