चिठ्ठी निघाली नाही तेव्हा...

दरवर्षी १५ जानेवारीच्या रात्री माझा फोन वाजतो. पलीकडे आत्या असते. "येतंस ना गो बाय, उद्याला?" एवढंच विचारते आणि फोन ठेवते. कुठे यायचं ते सांगावं लागत नाही. जासईला, हुतात्म्यांना हात जोडायला. जासई माझं माहेर, आणि तिचंही.

उरण तालुक्यातलं हे आमचं गाव. नवी मुंबईत अलीकडे राहायला आलेल्या मैत्रिणींना कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगते. सिडकोनं आमच्या भागातल्या जमिनी घेतल्या, त्याच्या मोबदल्यासाठी १९८४ साली इथे मोठा लढा झाला. नेते होते आमच्या गावचेच दि. बा. पाटील, पाच वेळा आमदार आणि दोनदा खासदार झालेले. त्या वर्षी १६ आणि १७ जानेवारीला पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच शेतकरी गेले. याच लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आज आमच्याकडे जी पक्की घरं दिसतात, दारात गाड्या दिसतात, त्यांतल्या कितीतरी त्या साडेबारा टक्क्यांच्या आहेत.

त्या आंदोलनात बायका होत्या, मोठ्या संख्येने होत्या. आत्या तेव्हा लग्न होऊन शेजारच्या गावात गेलेली. पदर खोचून, भाकऱ्या बांधून ती माहेरच्या बायकांबरोबर रस्त्यावर आली. तिच्या डाव्या खांद्यावर लाठी बसली. अजूनही तो हात पूर्ण वर जात नाही. ती हसत म्हणते, "वेणी घालताना सरकारची आठवण येते बघ!"

ही आत्या एकदा सरपंच झाली. आज सांगायचीय ती गोष्ट मात्र तिच्या सरपंचपदाची नाही. त्यानंतरची आहे.

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये बायकांसाठी तीस टक्के जागा राखून ठेवल्या त्या १९९० मध्ये. मग ७३वी घटनादुरुस्ती आली, १९९३ पासून देशभरात एकतृतीयांश आरक्षण लागू झालं. आपल्या राज्यानं २०११ मध्ये ते पन्नास टक्के केलं. आत्याच्या वेळी एकतृतीयांशच होतं. सोडतीत एका लहान मुलाच्या हातून चिठ्ठी निघाली, आत्याचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. त्याच मुदतीत सरपंचपदही महिलेकडे आलं. मग बैठक बसली. बैठकीत आत्या नव्हती! 'यांच्या घरातून फॉर्म भरा' असं ठरलं आणि मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, घरी येऊन तिला सांगितलं, "तू उभी राहतेस."

पहिली दोन वर्षं सगळीकडे घडतं तेच घडलं. मामा सभेला जात, आत्या प्रोसिडिंग बुकावर सही करी. ग्रामसेवक वही घेऊन ओटीवर येत, चहा पीत आणि सही घेऊन जात. 'सरपंच पती' हा शब्द आज सगळ्यांच्या तोंडी आहे. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयानं २०२३ मध्ये याच विषयावर समिती नेमली, २०२५ मध्ये तिचा अहवालही आला. आमच्या घरी मात्र हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता. सगळ्यांना ती रीतच वाटत होती. खरं सांगायचं तर मलाही.

बदल झाला तो पाण्यावरून. गावाच्या शेवटच्या आळीत नळाला पाणी चढत नसे. तिथल्या बायका आत्याच्या दारात हंडे घेऊन आल्या. मामांना नाही, तिला बोलल्या. "तू सरपंच ना? मग?" त्या रात्री पाचवी शिकलेल्या आत्यानं प्रोसिडिंग बुक घरी ठेवून घेतलं. फूटपट्टी ओळीखाली धरून ती वाचत बसली. पाइपलाइनचा ठराव दोनदा झालेला होता, सही तिचीच होती, काम झालंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून वाचून दाखवल्याशिवाय सही बंद! मामा आठ दिवस बोलले नाहीत. नळाला पाणी यायला मात्र वर्ष लागलं.

पुढची तीन वर्षं ती खरी सरपंच होती. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, अशी तरतूद कायद्यात आहे. ती सभा तिनं कागदावर न ठेवता खरोखर घेतली. आमच्या पट्ट्यात बंदर आलं, कंटेनर यार्ड आली. त्यामुळे घरपट्टी, ना हरकत दाखले, कामगार कुणाचे घ्यायचे, गाड्या कुणाच्या लावायच्या या विषयांत मोठा पैसा असतो. दाखल्यावरची सही म्हणजे गंमत नव्हे. ती प्रश्न विचारायची, म्हणून तिला 'जड' म्हणायला लागले.

मुदत संपली. पुन्हा सोडत झाली आणि तिचा वॉर्ड खुला झाला. चिठ्ठी निघाली नाही.

आणि मैत्रिणींनो, खरी गंमत इथे आहे. खुला म्हणजे सगळ्यांसाठी खुला ना? पण गावात त्याचा अर्थ झाला 'पुरुषांचा'. "आता तुझी पाळी संपली," हे वाक्य तिला प्रत्येकानं ऐकवलं. पाच वर्षं शिकून कामात तरबेज झालेली बाई नेमकी त्याच दिवशी घरी पाठवायची, आणि दुसऱ्या वॉर्डात पुन्हा कुणाची तरी बायको शोधायची! आरक्षण फिरतं राहतं. बायका शिकतात आणि परत जातात.

आत्या गेली नाही. अपक्ष उभी राहिली.

पॅनेलनं तिच्याकडे समजूत घालायला पाठवलं ते माझ्या वडिलांना. भावाचा शब्द ती मोडणार नाही, हा हिशेब. बाबा गेले, तिच्या ओटीवर बसले. ती म्हणाली, "दादा, मागे नाय घेणार. उलट मलाच मागायचंय. खर्चाला पैसे दे. माझ्या नावावर काय नाय."

बाबा गप्प घरी आले. का गप्प, ते मला त्या रात्री आईनं सांगितलं. साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळायच्या वेळी आत्यानं हक्कसोडपत्रावर सही केली होती. आमच्याकडे सगळ्याच बहिणी करतात. भाऊ साडी नेसवतो, जेवू घालतो, दुय्यम निबंधक कार्यालयात घेऊन जातो. न करणारी बहीण माहेराला मुकते. त्या भूखंडाच्या पैशांतून आमचं घर झालं, भावाचा ट्रेलर आला, माझं कॉलेज झालं. म्हणजे जिच्या खांद्यावर लाठी बसली तिच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही, आणि मी मात्र पदवीधर झाले.

बायकांनी राजकारणात का येत नाही, यावर आपण परिसंवाद ऐकतो. आत्मविश्वास नाही, वेळ नाही, घरचा पाठिंबा नाही, राजकारण गलिच्छ आहे. सगळं खरं. पण निवडणुकीला पैसा लागतो, आणि जिच्या नावावर सातबारा नाही, घर नाही, तिनं तो आणायचा कुठून? नवऱ्याकडे मागितला तर नवऱ्याचा उमेदवार व्हायचं, पक्षाकडे मागितला तर पक्षाचा. प्रत्येक सहीच्या वेळी तो देणारा समोर उभा.

बाबांनी पैसे दिले नाहीत. आत्यानं पाटल्या मोडल्या. शेवटच्या आळीतल्या बायका पदरच्या भाकऱ्या खाऊन तिच्याबरोबर दारोदार फिरल्या. ती पडली. थोडक्यात पडली, पण पडलीच. मी तेव्हा तिच्या प्रचाराला गेले नाही. बाबांना वाईट वाटेल म्हणून. ते मला अजून टोचतं.

हे एकट्या आत्याचं नाही. १९८९ साली शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीनं विटनेर, मेटीखेडा अशा गावांत बायकांची संपूर्ण पॅनेलं निवडून आणली होती, आरक्षण नसताना! म्हणजे बायकांना जमत नाही, असं नाही. पण वर बघावं तर काय दिसतं? उरण विधानसभा मतदारसंघात पहिली निवडणूक २००९ ची. तेव्हापासून २०२४ पर्यंत चार निवडणुका झाल्या, चारही वेळा आमदार पुरुष. आम्ही लोकसभेला ज्या मावळमध्ये येतो, तिथेही तसंच. रायगड जिल्ह्यातून मीनाक्षी पाटील राज्यमंत्री झाल्या, आदिती तटकरे मंत्री झाल्या. दोघींच्या कर्तृत्वाबद्दल शंका नाही. पण एकीचे वडील प्रभाकर पाटील, दुसरीचे सुनील तटकरे. दार आतून उघडणारं कुणीतरी होतं. २८८ जणांच्या विधानसभेत २०१९ ला २४ बायका होत्या, २०२४ ला २१ झाल्या. लोकसभेत ७८ होत्या, ७४ झाल्या. जिथे चिठ्ठी नाही, तिथे आपण किती उरतो, ते या आकड्यांत आहे.

निवडून आलेल्यांचीही वाट सोपी नाही. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंच मनीषा पानपाटील यांना, त्या सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात या तक्रारीवरून पदावरून काढलं होतं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पद परत दिलं. एक बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचलं नाही, अशा अर्थाचं न्यायालयाचं निरीक्षण होतं. विचार करा, दिल्लीपर्यंत जाण्याचं बळ किती जणींकडे असतं?

२०२३ मध्ये संसदेनं लोकसभा आणि विधानसभांत एकतृतीयांश जागा बायकांना देणारी घटनादुरुस्ती केली. अंमलबजावणीला मात्र जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांची अट घातली. ही चिठ्ठीही निघेल तेव्हा निघेल. निघायलाच हवी. चिठ्ठी नसती तर आत्यानं प्रोसिडिंग बुक कधी उघडलं असतं? पण चिठ्ठी एका मुदतीपुरती असते. त्यानंतर उभं राहायचं, तर पायाखाली काहीतरी स्वतःचं लागतं.

बाबा आता नाहीत. मागच्या वर्षी भावानं माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं. वहिनीनं साडीही आणून ठेवली होती, छान निवडली होती. मी म्हटलं, "आधी आत्याचं काय ते ठरव, मग माझं बघू." तो चिडला. दोन महिने बोलणं नव्हतं. कायद्यानं आत्याची सही फिरवता येत नाही, हे मला माहीत आहे. पण गणपतीला तो स्वतःच म्हणाला, "तिच्या नावावर काहीतरी टाकू या." अजून टाकलेलं नाही. मी विचारत राहणार आहे, आणि माझी सही तोवर थांबलीय.

यंदाच्या १६ जानेवारीला आत्या आणि मी शेजारी बसलो होतो. तिची नात बरोबर होती, बारावीतली. सगळे अभिवादनाला उभे राहिले तेव्हा आत्यानं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मी नंतर पोरीला विचारलं, "काय गो म्हणाली?"

"म्हणाली, सही करायच्या आधी वाच."