थंडींतील रोपें आणि मातीची ऊब

पौष महिन्यांत उन्हाळी मिरचीचें बीं ट्रेमध्यें पेरावें, पंधरा दिवस वाट पाहावी, आणि मग ‘बीं खोटें निघालें’ म्हणून दुकानदारास बोल लावावा, हा प्रकार पुष्कळ घरीं घडतो. आमच्या मतें अशा वेळीं दोष बहुधा बियाचा नसून मातीच्या गारव्याचा असतो.

मातीची उष्णता २५ ते ३० अंश असल्यास मिरचीचें बीं सुमारें आठ दिवसांत उगवतें. ती १५ अंशांवर उतरली म्हणजे जवळजवळ पंचवीस दिवस लागतात. इतके दिवस ओल्या गारव्यांत पडून पुष्कळसें बीं कुजतें. आणि जें उगवतें त्याचा फुलोरा लांबून ऐन वैशाखाच्या उन्हांत सांपडतो व गळून जातो. पुणें-नाशिककडे या दिवसांत पहाटेचा पारा कित्येकदां १० अंशांच्या आसपास येतो, हें येथें लक्षांत ठेवावें.

शिवाय ओल्या मातींतील पाण्याची वाफ होतांना ती मातीची उष्णता घेऊन जाते. माठांतील पाणी गार होतें तें याच न्यायानें. म्हणून खोलींतील हवेपेक्षां ट्रेमधील माती अधिक थंड असते. उष्णतामापक भिंतीवर न टांगतां मातींत खोंचून पाहावा.

तेव्हां ऊब द्यावयाची ती खालून. ट्रे शहाबादी फरशीवर न ठेवतां फळीवर दुपदरी गोणपाट घालून त्यावर ठेवावा. रात्रीं लाकडी खोक्यांत गरम पाण्याच्या घट्ट बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवून त्यांवर ट्रे बसवावा, वर कांच झांकावी आणि सभोंवार घोंगडी गुंडाळावी. विजेची उबदार चटई हल्लीं मिळते. तिला उष्णता आवरणारी कळ असावी.

अंकुर वर आला कीं मात्र ही रीत बदलावी. ऊब पुष्कळ आणि उजेड थोडा, अशा जागीं रोपें पांढरट व लांबुडकीं होतात. कोंदट ओलाव्यांत बुरशी लागून त्यांचे देठ मातीलगत सडतात आणि रोपें कोलमडतात. कोलमडलेलें रोप पुनः उभें राहत नाहीं. यास्तव कांच काढावी, ट्रे दक्षिणेच्या खिडकींत ठेवावा, पाणी सकाळीं, कोमट व बेतानें द्यावें. रात्रीं १५ ते १८ अंश ऊब आतां पुरे.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वृक्षांच्या रोगांचीं कारणें सांगतांना थंडीचा उल्लेख केलेला आहे. तिकडे रोमचा बादशहा तिबेरियस याच्या काकडीचे वाफे चाकांवर बसविलेले असत. ते उन्हांत बाहेर ढकलीत व थंडींत पारदर्शक दगडाच्या आडोशाखालीं घेत, असें प्लिनीनें लिहून ठेविलें आहे. आपल्या घरीं चाकांची गरज नाहीं. सकाळीं ट्रे उन्हांत नेणें व दिवेलागणीपूर्वीं आंत घेणें, एवढें काम घरांतील एका मुलाकडे नेमून द्यावें, आणि तें रोज होतें कीं नाहीं हें वडील माणसानें पाहावें.