बॉनेटखालची टापटीप

घर लख्ख, पण मोटारीचं बॉनेट उघडलं की धुळीची पुटं! मैत्रिणींनो, ही साफसफाई आपल्यालाही जमते बरं का. इंजिन पुरतं गार झालं, की मऊ ब्रशानं धूळ झाडा, प्लॅस्टिकची झाकणं ओलसर फडक्यानं पुसा. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवा थर आला असेल तर हातमोजे घाला. आधी उणे खुणेची वायर सोडवा, मग अधिकची. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात जुना टूथब्रश बुडवून घासा, कोरडं करा. जोडताना अधिकची वायर आधी.

शोभेसाठी चकचकीत अॅल्युमिनियमचा कागद किंवा कापडी आच्छादन मात्र आत नको. कागद बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेकला तर ठिणग्या उडतात. सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या पाइपाजवळ कापड पेट घेऊ शकतं. रंग द्यायचाच, तर इंजिनासाठीचा, उष्णता सोसणाराच घ्या. हौस करावी, पण जिवाला घोर लावणारी नको!