सबबी सांगणाऱ्या मित्राचे काय करावे?

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याजवळचा पूल ओलांडला की खाडीपलीकडे भिवंडी तालुक्यातील कोन गाव लागते. भिवंडीच्या यंत्रमागांचे कापड आणि गोदामांतील माल वाहणारी अवजड वाहने याच कल्याण-भिवंडी रस्त्यावरून धावतात. वाहतूक कोंडी इथे नित्याचीच. त्यामुळे 'कोनला अडकलो आहे' याइतकी सोयीची सबब या परिसरात दुसरी नसावी. ती बरेचदा खरी असते आणि म्हणूनच खोटी असली तरी पकडता येत नाही. दिलेला शब्द न पाळता दर वेळी नवे कारण पुढे करणाऱ्या मित्राचे नेमके याच संदिग्धतेवर निभावते.

अशा मित्राशी वागताना पहिली धडपड असते ती त्याचा खोटेपणा उघडा पाडण्याची. पुलावर खरोखर कोंडी होती का, घरी पाहुणे आले होते का, मोबाइल बंद का होता, अशी उलटतपासणी सुरू होते. तिच्यातून क्वचितच काही हाती लागते. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये या विषयावरील दोनशेहून अधिक संशोधन-अहवालांचा एकत्रित आढावा घेतला. समोरचा खरे बोलतो की खोटे, याबाबतचा माणसांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ठरतो, असे त्यात आढळले. नाणेफेकीने कौल लावला तरी निम्म्या वेळा तो बरोबर येतोच! चेहरा पाहून निवाडा करू गेल्यास खरोखर अडकलेल्या मित्रावर आळ येतो आणि सराईत मात्र सुटतो.

सबब का सांगितली जाते?

सबबींचा शास्त्रीय अभ्यास करणारे कॅन्सस विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी १९८३ मध्ये सहकाऱ्यांसह या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या मांडणीनुसार, चुकीचे खापर परिस्थितीवर फोडून माणूस इतरांच्या आणि स्वतःच्याही नजरेतील आपली प्रतिमा जपत असतो. यामागे दर वेळी कपटच असते असे नाही. पुष्कळदा मूळ असते भिडेत. 'येतो', 'बघतो', 'करून टाकतो' असे तोंडावर म्हटले की तात्पुरता गोडवा राहतो. 'जमणार नाही' म्हणायला मात्र धैर्य लागते. नकार ऐकताच रुसणाऱ्या माणसाच्या वाट्याला सबबी अधिक येतात, हेही लक्षात घ्यायला हवे.

मात्र कारण समजले म्हणून नुकसान सोसत राहावे, असा त्याचा अर्थ नव्हे. सबबीऐवजी वर्तन पाहावे. अडचण आल्याचे त्याने वेळेआधी कळवले की नंतर? झालेली गैरसोय भरून काढण्याची तयारी दाखवली का? तेच कारण पुन्हा उद्भवू नये म्हणून काही बदल केला का? कोनची कोंडी रोजची आहे, हे ठाऊक असलेला माणूस अर्धा तास आधी निघतो. जो निघत नाही, त्याची सबब खरी असली तरी बेपर्वाई उरतेच.

बोलावे कसे?

हा विषय चारचौघांत नव्हे, एकांतात काढावा. 'तू खोटारडा आहेस' म्हटले की वाद अब्रूचा होतो आणि मूळ मुद्दा हरवतो. त्याऐवजी, 'तीन वेळा ठरवून तू आला नाहीस, तिकिटांचे पैसे वाया गेले. जमणार नसेल तर आदल्या दिवशी सांग, राग येणार नाही,' असे नेमके सांगावे. त्यानंतर त्याने खरोखर नकार दिला, तर राग न धरण्याचे पथ्य आपणही पाळावे. पूर्वी चोख असलेला मित्र अचानक टाळाटाळ करू लागला, तर मात्र जाब विचारण्याआधी विचारपूस करावी. आजारपण, कर्ज किंवा व्यसन लपवण्यासाठीही सबबी पुढे केल्या जातात.

सांगूनही फरक पडला नाही, तर त्याच्यावर विसंबणे कमी करावे. तिकिटे काढण्याचे किंवा रुग्णालयात सोबतीला थांबण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये.

पैशाच्या बाबतीत ही सावधगिरी अत्यावश्यक ठरते. मुदतीच्या १९६३ च्या कायद्यानुसार हातउसन्या रकमेच्या वसुलीचा दावा साधारणतः तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. 'पुढच्या महिन्यात नक्की' हे तोंडी आश्वासन ही मुदत वाढवत नाही. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी लेखी कबुली दिल्यास मात्र ती नव्याने मोजली जाते. म्हणूनच रक्कम बँकेमार्फत द्यावी आणि परतफेडीची तारीख लिहून घ्यावी. कागद मागणे म्हणजे मैत्रीवर अविश्वास, ही समजूत सोडलेली बरी. कागद नसल्याने तुटलेल्या मैत्रीची उदाहरणे घरोघरी सापडतील.

प्रत्येक मित्र प्रत्येक कामाचा नसतो. गप्पांची मैफल रंगवणारा माणूस वेळेला उपयोगी पडेलच असे नाही. त्याला मैफलीत जरूर बोलवावे, पण निकडीच्या कामासाठी शब्द पाळणाऱ्याकडेच जावे. अपेक्षा अशी मापात ठेवली, तर रोजची चिडचिड थांबते आणि मैत्रीही तुटत नाही.